कड्याखालची चांदी

एफी रँकिनला हे वेड लागलं ते नवरा गेल्यावर. आयुष्यभर तिनं मासळीच्या कारखान्यात लॉब्स्टर सोलले. केप ब्रेटन बेटाच्या त्या किनाऱ्यावर बायकांना दुसरं काम होतंच कुठे? आता वादळ सरलं की कानाला हेडफोन लावून, धातू शोधायचं यंत्र घेऊन ती वाळूवर हिंडायची. सापडायचं ते बहुतेक उन्हाळी पाहुण्यांचं, पातळ अंगठ्या नाहीतर तुटक्या साखळ्या. घरी आल्यावर भांड्यात ॲल्युमिनियमचा कागद, त्यावर दागिना, वरून गरम पाणी आणि खायचा सोडा. कुजक्या अंड्यासारखा वास सुटला की समजायचं, चांदीचा काळपटपणा उतरतोय. नुसता मुलामा असेल तर कडेनं पितळ डोकावायचं. मालकाचा पत्ता लागला तर ती वस्तू नेऊन द्यायची.

त्या नोव्हेंबरात लागोपाठ वादळं झाली. चर्चखालच्या कड्यापाशी, एकाच जागी, तिला आधी झिजलेली अंगठी मिळाली, मग जपमाळेचा क्रूस आणि शेवटी कोळशासारखा काळा पडलेला ब्रोच. एफीला ते खटकलं. लाटांत लोळलेली चांदी गुळगुळीत होते. या ब्रोचच्या नक्षीच्या कडा शाबूत होत्या आणि खाचांत वाळू नव्हती, लाल माती होती.

मऊ ब्रशनं तिनं मागची बाजू हळूहळू मोकळी केली. अक्षरं वर आली: ‘सेराला, नीलकडून.’

सेरा म्हणजे एफीच्या वडिलांची आत्या. पहिल्याच बाळंतपणात गेली. तिच्या नवऱ्यानं, नीलनं, स्वतःच्या हातानं ब्रोच तिच्या झग्याला लावला आणि मगच शवपेटी बंद करू दिली, हे वडील कितीदा तरी सांगायचे. सेराची कबर कड्याच्या वर, चर्चच्या दफनभूमीत पुढच्या रांगेत होती. त्याच रांगेत एफीचा नवरा ह्यूई होता.

कबरी खालून ढासळताहेत हे सांगायला एफी चर्चच्या समितीचा प्रमुख रोनाल्ड बीटन याच्याकडे गेली. त्यानं ब्रोच हातातसुद्धा घेतला नाही. कुंपण कड्यापासून चांगलं लांब आहे, गवत हललेलं नाही, असं म्हणाला. मग म्हणाला, “एफी, जमीन तू उकरतेस आणि कबरी उघड्या पडल्या म्हणून आम्हाला सांगायला येतेस?”

ते बोलणं तिच्याआधी गावात पोचलं. दुकानात ती शिरली की बायका गप्प व्हायच्या. संध्याकाळी नणंद मोरॅग आली, कोटही न काढता दारातच उभी राहिली.

“वहिनी, खरं सांग. माझ्या भावाच्या बोटातली अंगठी तर नाही ना काढलीस?”

एफीनं सापडलेली अंगठी टेबलावर ठेवली. ती बाईच्या बोटाची होती. मोरॅगनं ती पाहिली आणि निघून गेली.

ओहोटीला एफी रोनाल्डच्या दारात जाऊन बसली, तो उठून सोबत येईपर्यंत. खालून पाहिलं तेव्हा त्याला दिसलं. वर गवत जसंच्या तसं, त्याच्याखाली कडा आतून पोखरलेला, आणि लाल मातीतून शवपेटीच्या फळीचं टोक बाहेर आलेलं. तो पाहत असतानाच मातीचं ढेकूळ सुटून त्याच्या बुटापाशी पडलं. रोनाल्डनं टोपी काढली.

कबरी हलवायला बिशपची परवानगी आली तोवर जमीन गोठायला लागली होती. गावातल्या पुरुषांनी हातानं खणलं, कारण खणायच्या यंत्राचं वजन कड्याला पेललं नसतं. ह्यूईची पेटी धड निघाली. सेराच्या कबरीत मात्र फावडं दांड्यापर्यंत आत गेलं आणि भोकातून गार वारा वर आला. वाकून पाहिलं तर खाली लाटा फुटत होत्या. आत काहीच उरलं नव्हतं.

ब्रोच लहानशा लाकडी पेटीत घालून वरच्या नव्या जागेत पुरला. पेटी मोरॅगनं धरली होती. ती एफीला म्हणाली, “त्या दिवशी मी बोलले ते...” एफीनं तिच्या कोपराला हात लावला.

अजून निम्मी रांग काढायची होती. नाताळानंतरच्या वादळात तीही कड्यासकट गेली.

आता वारा पडला की रोनाल्डच फोन करतो, “जाऊन येतेस का?” एफी जाते. जे मिळेल ते आणते, स्वच्छ करते, नाव शोधते. नाव नसलेल्या वस्तू तिच्या खिडकीत बशीत ठेवलेल्या असतात. त्या कुणाच्या, हे विचारायला अजून कुणी आलेलं नाही.