हळद लावलेलं प्रमाणपत्र

बहुतेक प्रकरणांची फाईल कपाटात गेली की ती माझ्या डोक्यातूनही जात असत. हे एक प्रकरण गेलं नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी एका निरपराध मुलीला अकरा दिवस संशयित म्हणून वागवलं, ते याच प्रकरणात.

तेव्हा मी उल्हासनगरच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो आणि गुन्ह्यांचा तपास माझ्याकडे होता. सकाळची हजेरी झाली, लॉकअप पाहून झालं, आणि टपालात आयुक्तालयामार्फत आलेलं दिल्लीचं एक पत्र निघालं. एका आखाती देशाच्या दूतावासाने कळवलं होतं की, नर्सिंगच्या पदविकेचं एक प्रमाणपत्र त्यांच्याकडच्या रुग्णालयाने पडताळणीसाठी पाठवलं. त्याच्या पाठीवर दूतावासाचा शिक्का आहे, पण तो क्रमांक त्यांच्या नोंदवहीत नाही. चौकशी करून गुन्हा नोंदवावा. सोबत ते प्रमाणपत्र जोडलेलं होतं.

वाचकांना पद्धत माहीत नसेल म्हणून सांगतो. आपला कागद परदेशात चालायचा तर तीन पायऱ्या असतात. आधी राज्य सरकार तो तपासतं, मग दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय, आणि शेवटी त्या देशाचा दूतावास. म्हणजे एका कागदाच्या पाठीवर तीन शिक्के. या कागदावर तिन्ही होते आणि तिन्ही खोटे होते. एवढंच नाही, भिंगातून पाहिलं तर प्रमाणपत्रच मूळ नव्हतं. ती चांगल्या जाड कागदावर काढलेली रंगीत प्रत होती, पुढूनही आणि मागूनही.

प्रमाणपत्र ज्या मुलीचं होतं ती बदलापूर गावात राहणारी, वय सव्वीस, अंबरनाथच्या एका खासगी रुग्णालयात परिचारिका. वडील नव्हते. आई बदलापूरच्या बाजारात भाजी विकायची. आखातातल्या रुग्णालयाने मुलीला नेमणूकपत्र दिलं होतं आणि रुजू व्हायला पस्तीस दिवस उरले होते. शिक्के मारून आणायचं काम तिने उल्हासनगरातल्या एका एजंटाला दिलं होतं, म्हणून प्रकरण आमच्या हद्दीत आलं.

मी तिला बोलावून घेतलं. ड्यूटीचे बूट घालूनच आली होती.

"सर, ओरिजिनल सर्टिफिकेट मी आणि आईनं स्वतः नेऊन दिलं त्यांच्या ऑफिसात. निघताना आईनं त्याला..."

"आईचं राहू दे. पावती आहे?"

तिने पावती दाखवली. त्यावर लिहिलं होतं: 'सर्टिफिकेट – १'. मूळ की नक्कल, याचा शब्द नव्हता.

"मूळ दिलं याला पुरावा काय?"

ती अडखळत म्हणाली, "सर, मी खोटं कशाला देईन? मी पास झालेय. कॉलेजला विचारा ना."

कॉलेजला विचारलं. ती पहिल्या वर्गात उत्तीर्ण होती. पण त्याने प्रश्न सुटत नव्हता. मूळ प्रमाणपत्र कुठे आहे, हा खरा प्रश्न होता. तिने मूळ दिलं असेल तर खोटेपणा एजंटाचा. तिनेच रंगीत प्रत दिली असेल तर ती त्यात सामील.

दुसऱ्या दिवशी एजंट आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, कागद तारखेनुसार लावलेले. "सर, लोकांची भीती तुम्हाला माहीत आहे. ओरिजिनल हरवेल म्हणून घरी ठेवतात आणि कलर प्रिंट आणून देतात. आम्ही काय भिंग घेऊन बसतो का? मी पाकीट बंद करून दिल्लीच्या माणसाकडे पाठवतो. शिक्के तिकडून येतात." दिल्लीच्या माणसाचा फोन बंद होता. पण एजंटाने कुरियरच्या पावत्या दाखवल्या, तारखा जुळत होत्या.

खरं बोलणारा अडखळतो आणि खोटं बोलणाऱ्याचा तपशील चोख असतो, हे मी नव्या फौजदारांना शिकवत असे. त्या दिवशी मीच ते विसरलो. ठाण्याच्या नोंदवहीत मुलीच्या नावापुढे मी 'संशयित' लिहिलं आणि परवानगीशिवाय बाहेरगावी जायचं नाही असं तिला बजावलं. दर दोन दिवसांनी ती हजेरीला यायची. पाचव्या दिवशी तिने सांगितलं की, तिच्या रुग्णालयाने तिला कामावरून थांबवलं आहे. मी तेही लिहून घेतलं.

दहाव्या दिवशी शहरातल्या कॅम्प तीन या वस्तीतले एक वृद्ध सिंधी गृहस्थ ठाण्यात आले. रबरी शिक्के बनवण्याचा त्यांचा जुना धंदा. ठाण्याचेही शिक्के तेच बनवत. आमच्या हवालदाराने चहा पुढे केला.

"चाचा, आज बिल नाही आणलं?" हवालदाराने चिडवलं.

"बिल नंतर. साईं, एक बात सांगायला आलो." मग ते माझ्याकडे वळले. "तो कागदवाला एजंट आहे ना, सहा महिने पहले माझ्याकडे आला. अरबी अक्षराचा गोल शिक्का बनवा म्हणाला. मी हात जोडले. म्हटलं, बाबा, जे लिखाण मला समजत नाही ते मी बनवत नाही. परसों बाजारात भेटला तर हसतो माझ्यावर. म्हणतो, चाचा, तुमचा धंदा बंद होणार, मी मशीन घेतली."

"कसली मशीन?"

"ते मी विचारलं नाही. विचारलं तर मी पण त्याच्यात आलो ना!"

मशीन म्हणजे छपाईयंत्र. पण एवढ्या ऐकीव बोलण्यावर झडती टिकली नसती. एजंटाने हात झटकले असते आणि मूळ कागद जाळले असते. अकराव्या दिवशी मी तिघांना एकत्र बोलावलं: एजंट, मुलगी आणि तिची आई. आईला पहिल्यांदाच, कारण प्रमाणपत्र देताना तीही तिथे होती.

आई बाजारातून थेट आली होती. खुर्चीत बसली नाही. टेबलावरच्या प्रमाणपत्रावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "सायब, यो आमचा कागूद नाय."

"कशावरून?"

"आमचे कागदाला मी हलद-कुकू लावलं व्हतं. चांगल्या कामाला पोरगी निंगाली, तिचा कागूद तसाच कसा देवाचा?"

मी मुलीकडे पाहिलं. ती हळू आवाजात म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी हे सांगत होते सर. तुम्ही आईचं राहू दे म्हणालात."

एजंट हसला. कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर त्याने बोट ठेवलं. तिथे बोटाएवढा पिवळा डाग होता आणि त्यात बारीक लाल ठिपका. "मावशी, डोळे तपासा. ही काय तुमची हळद? सर, बघा, आता तर त्यांनीच सिद्ध केलं. हळद लावलेला कागद तो हाच. मला दिला तो हाच."

"म्हणजे ही हळद या बाईंनी लावलेली आहे?" मी विचारलं.

"शंभर टक्के, सर."

"लिहून देता?"

त्याने आनंदाने लिहून दिलं. सही केली, तारीख घातली.

आई डाग न्याहाळत होती. "हलद हाय तं साबनाचं पानी लावा. लाल झाली तं माझी. लुगड्याला लागलेली हलद साबनानं लाल व्हते, ह्ये बारक्या पोरीला बी ठावं हाय."

हवालदार लगेच हात धुवायच्या साबणाची वडी घेऊन आला. मी त्याला थांबवलं. तो कागद मुद्देमाल होता. आधी दोन पंच बोलावले. डागाचे फोटो घेतले. आईने शेजारच्या हॉटेलातून मागवलेली चिमूटभर हळद ओल्या बोटाने एका कोऱ्या कागदावर लावली. मग मी काडेपेटीच्या काडीने साबणाच्या पाण्याचा एक थेंब त्या कोऱ्या कागदावरच्या हळदीला लावला. ती विटकरी लाल झाली. दुसरा थेंब प्रमाणपत्रावरच्या डागाच्या कडेला लावला. आम्ही पाच मिनिटं घड्याळ लावून थांबलो. डाग पिवळाच राहिला.

"मेल्या," आई एजंटाला म्हणाली, "माझी हलद बी छापलीस व्हय रं?"

एजंट पाणी मागू लागला. हळद लावलेला कागद आपल्याकडे आला होता हे त्याने स्वतःच्या सहीने कबूल केलं होतं, आणि समोर होती ती त्या कागदाची छापील प्रत. आता मधली वाट नव्हती. अर्ध्या तासात त्याने सगळं सांगितलं. दिल्लीला तो काहीच पाठवत नव्हता. कुरियरच्या पाकिटांत वर्तमानपत्रं असत. खोटा शिक्का मूळ कागदावर छापताना फिसकटला तर गिऱ्हाईक बोंबलणार, म्हणून तो आधी अख्ख्या कागदाची रंगीत प्रत काढायचा आणि तिच्या पाठीवर शिक्के छापायचा. बिघडली तर दुसरी. गिऱ्हाइकाच्या हातात प्रत जायची, मूळ त्याच्याकडे. डागासकट हुबेहूब प्रत काढण्याचा त्याला अभिमान होता. हळद म्हणजे त्याला फक्त एक रंग वाटला.

मोरिवलीतल्या त्याच्या खोलीत पत्र्याच्या पेटीत बेचाळीस मूळ प्रमाणपत्रं सापडली. मुलीचं एकोणिसावं होतं. कोपऱ्यावर हळद, आणि पाठीमागची बाजू कोरी. नंतर प्रयोगशाळेचा अहवालही तसाच आला.

मुलगी आता फिर्यादी झाली. पण तिचं मूळ प्रमाणपत्र पुरावा झालं, म्हणजे सीलबंद. कोर्टाच्या आदेशाशिवाय मला ते परत देता येत नव्हतं. आदेश मिळायला एकतीस दिवस लागले. मी अकराव्याऐवजी पहिल्या दिवशी शोध लावला असता, तरी तारीख कठीणच होती, पण गाठता आली असती. ती तारीख गेली आणि आखातातल्या रुग्णालयाने जागा दुसऱ्याला दिली. प्रमाणपत्र घ्यायला ती एकटी आली. सही केली, कागद दोन्ही बाजूंनी पाहिला आणि नमस्कार न करता गेली. तिचं चुकलं असं मला वाटलं नाही.

वर्षभराने तिने पुन्हा अर्ज केला, दुसऱ्या देशात. या वेळी तिन्ही शिक्के तिने स्वतः रांगा लावून आणले. पण परदेशी नोकरीला पोलिसांचा चारित्र्य दाखलाही लागतो. चौकशीचा कागद आमच्या ठाण्यात आला आणि कारकुनाने जुनी वही पाहून शेरा लिहिला: 'नोंद आहे'. नोंद माझीच होती. ती खोडता येत नाही, तसा नियमच आहे, आणि योग्य आहे.

मी अहवाल स्वतःच्या हाताने लिहिला. सदर महिला गुन्ह्यातील फिर्यादी असून तिच्यामुळे बेचाळीस जणांचे कागद परत मिळाले. तिच्या नावापुढील 'संशयित' ही नोंद माझ्या चुकीने झालेली आहे.

वरिष्ठांनी वाचलं. "शेवटचं वाक्य लागतंय का? तुमच्या निवृत्तीला चार महिने आहेत. 'नजरचुकीने' लिहा."

"नजर बरोबर होती, साहेब. ऐकलं नाही मी."

त्यांनी वाक्य तसंच ठेवून सही केली.

दूतावासाचा शिक्का एवढंच सांगतो की आधीची सही खरी आहे. माणूस खरा आहे की नाही हे कुठलाच शिक्का सांगत नाही. ते समोर बसलेल्या अधिकाऱ्याने ऐकून ठरवायचं असतं, आणि बिनमहत्त्वाचं वाटतं ते आधी ऐकायचं असतं. मला हे निवृत्तीच्या तोंडावर कळलं.

दाखला न्यायला ती आली तेव्हा तिने अहवालाची प्रत मागितली. ती देण्याची पद्धत नाही, असं मी सांगितलं. मग अहवालाची कार्यालयीन प्रत असलेली फाईल उघडून तिच्यासमोर ठेवली. तिने ते शेवटचं वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाली, "बस, एवढंच बघायचं होतं." या वेळी जाताना तिने नमस्कार केला.