परसात बसवलेली मेंढरं

ज्याला जमीन नाही त्याला येळवस दुसऱ्याच्या बोलावण्यावर खावी लागते. आमच्या सरहद्दीच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावास्येला, म्हणजे येळवशीला, गावंच्या गावं शेतात जातात. कडब्याची छोटी झोपडी, कोप, करून लक्ष्मी पुजतात आणि रानातल्या शेंगा, वांगी, पालेभाज्या बेसनात एकत्र शिजवून केलेली भज्जी बाजरीच्या उकडलेल्या उंड्यांबरोबर खातात. शेत नसलेल्यांना आग्रहाने बोलावतात. आग्रह खराच असतो. पण मी कल्याणी गावच्या बाजारात पाठीवर पोती वाहून स्वतःची धान्याची आडत उभी केलेला माणूस. मला फुकटचं पचत नाही, आणि कुणी ते बोलून दाखवलं तर मुळीच नाही.

माझ्या व्याह्यांनी ते बोलून दाखवलं. थोरली मुलगी मी दुबलगुंडीला दिली होती, चांगल्या काळ्या जमिनीच्या घरात. लग्नानंतरच्या पहिल्याच येळवशीला त्यांच्या रानात पंगत बसली. मी भज्जी दुसऱ्यांदा मागितली, तेव्हा व्याही वाढता वाढता म्हणाले, "घ्या पाव्हणं, पोटभर घ्या. तुमच्यात वांगं बी तागडीत बसल्याबिगर घरात येत न्हाई."

पंगत हसली. मीही हसलो. माझी मुलगी पदराआड हसली, ते मात्र मला लागलं. मी हातातला उंडा खाली ठेवून म्हणालो, "पुढच्या साली भज्जी माझ्या घरी. माझ्या परसातली."

"परसात? मग लक्ष्मी कुठं पुजणार, न्हाणीपाशी?"

"तुमी येताव का न्हाई ते सांगा."

"येळवशीला आमचं रान सुटत न्हाई. दुसऱ्या दिवशी यिऊ की. पर बाजारातलं एक जरी वांगं निघालं, तर ताटावरनं उठंन. सांगून ठिवतो."

मुलीच्या बापाच्या घरी व्याही ताटावरून उठणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. वर्षभर लोक मुलीलाच विचारणार. मी घरी आलो ते दात खातच.

आमचं परस म्हणजे केवढं? एक आड, एक न्हाणी, एक उकिरडा, आणि उरलेल्या जागेत लग्नाची एक पंगत कशीबशी बसेल. बायको म्हणाली, "उकिरड्यातलं कुजलेलं खत चार पाट्या टाकू, चुलीची राख टाकू, हुईल की." मला हे पटलं नाही. उकिरडा सगळ्यांच्याच घरी असतो. मला दुबलगुंडीच्या काळ्या जमिनीला हरवायचं होतं, आणि तेही राखेने?

वैशाखात धनगर कळप घेऊन आले. रिकाम्या रानात रात्री मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांनी आणि मुताने जमीन खतावून घ्यायची, बदल्यात धनगराला ज्वारी द्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत. ती एकरांनी जमीन असलेल्यांची रीत. परसात कळप बसवायची अक्कल माझ्याआधी कुणाला सुचली नव्हती. का सुचली नव्हती, हा विचार मी केला नाही.

धनगराला मी म्हणालो, "ज्वारी एका रातीची. मेंढरं तीन राती बसवायची."

"सावकार, मेंढरं रातभर काम करत्यात."

"काम कसलं? झोपत्यात की!"

"मग तुमी झोपून करून दाखवा की येवढं."

आसपासचे हसले तसा मी आणखी पेटलो. आवाज चढवला, उठून गेलो, परत आलो. शेवटी धनगर मानला. त्याने फक्त एवढंच मागितलं, की मेंढरांना आडाचं पाणी पाजू द्यावं. मी मोठ्या मनाने म्हणालो, "पाजा की, पाण्याला काय मोल हाय?"

वैशाखात ओढे आटलेले असतात, हे मला ठाऊक होतं. धनगराला जास्त ठाऊक होतं. तीन दिवसांत कळपाने माझा आड पिऊन टाकला. परसात मेंढरू मेंढराला चिकटून उभं होतं, आणि उरलेली ओसरीवर माझ्या खाटेखाली शिरली. कळप गेला तेव्हा आडात गाळ होता, घरात पिसवा होत्या, आणि दुकानात बसलो तरी गिऱ्हाईक माझ्यापासून हातभर लांब बसून भाव विचारत होतं. बायको दुसऱ्या गल्लीच्या आडावरून पाणी आणायची आणि घागर उतरवताना दर वेळी म्हणायची, "सौदा लई सस्तात पडला, व्हय?"

परसात मात्र घोटाभर खत झालं होतं, आणि त्याकडे पाहून मला झोप लागायची.

पहिला पाऊस पडल्यावर मी वांग्याची रोपं आणून लावली. आठवड्यात ती करपली. मी रोपवाल्याला भर बाजारात धरलं, त्याच्या सात पिढ्या काढल्या आणि दुसरी रोपं फुकट वसूल केली. तीही करपली. ताज्या खताची आग जमिनीत धुमसत होती, हे गल्लीत सगळ्यांना नाकाने कळत होतं, मला कळत नव्हतं. दोन झडी बसून ती आग निवली तेव्हा तिसऱ्यांदा लावलेली रोपं जगली.

आणि जगली म्हणजे कशी! श्रावणात कमरेला लागली, भादव्यात खांद्याला. पान सुपाएवढं. घेवड्याचा वेल न्हाणीवर चढला, तिथून ओसरीच्या पत्र्यावर गेला. मी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला हाताला धरून परसात नेऊ लागलो. तूर विकायला आलेल्या माणसाला आधी वांगी दाखवायची, मग भाव करायचा.

तुरीचा एक शेतकरी बराच वेळ पाहून म्हणाला, "अण्णा, झाड झाक हाय. वांगं कुठाय?"

"यील की," मी म्हणालो.

दसरा गेला, दिवाळी गेली. घेवड्याला फूल नाही. वांग्याला एक आलं, ते गळलं. मी रोज सकाळी तांब्या घेऊन जायचो आणि झाडांना शिव्या घालून परत यायचो. एकदा बायको म्हणाली, "त्यास्नी कामून शिव्या घालायलाव? तुमी एवढं खायला घातलाव, सुस्त झाल्यात. लग्नात जेवलेला माणूस उठून कामाला लागतो व्हय?"

येळवशीच्या दिवशी सगळी कल्याणी रानात गेली. मी बोलावणी नाकारून घरी बसलो आणि एकेक पान उलटून पाहिलं. काही नाही. संध्याकाळी शेवटी थैली घेऊन बाजारात गेलो. एकच बाई वांगी घेऊन बसली होती. जांभळी, काटेरी, तेलात घालावी अशी. मी हात पुढे केला तशी ती म्हणाली, "घ्या अण्णा, दुबलगुंडीचा माल हाय." मी थैली घडी करून परत आलो.

दुसऱ्या दिवशी व्याही बैलगाडीतून उतरले, मागे जावई आणि मुलगी. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि वांगी नाहीत हे ओळखलं. तिचं तोंड उतरलं. व्याही सरळ परसात शिरले. झाडांत त्यांचा नुसता पटका दिसत होता. बऱ्याच वेळाने ते पानं बाजूला सारून बाहेर आले.

"पाव्हणं, वांगी कुठं दडवलाव?"

बायकोने ताट वाढलं. तिने मला न विचारता परसाच्या कडेकडेने मेथी, चुका, शेपूचं बी टाकलं होतं. पाल्याला एवढं खत मानवलं होतं, गुडघाभर झाला होता. भज्जी हिरवीगार, त्यात दुसरं काही नाही. व्याह्यांनी ती बोटाने चाळली. मुलगी दारात उभी होती.

"ह्यात वांगं न्हाई."

"बाजारातलं एक बी न्हाई," मी ओरडलोच, "म्हणून न्हाई!"

व्याही इतके हसले की ठसका लागला. मग जेवले. पुन्हा मागून घेऊन जेवले. मुलगी आत गेली आणि पाणी भरताना तिच्या बांगड्यांचा आवाज मला ऐकू आला.

हात धुऊन व्याही परसात उकिडवे बसले, मूठभर माती उचलून त्यांनी हुंगली. "पाव्हणं, ह्ये खत हितं वाया जायलंय. वरचं वीतभर खरवडून मला द्या. गाड्या लावतो. तुमचं परस बी माणसात यील."

बायको दारातून मानेनेच सांगत होती, द्या, द्या म्हणा. अब्रू राहिली होती, व्याही जेवले होते, एवढ्यावर गप्प बसणारा माणूस शहाणा.

मी म्हणालो, "गाडीला काय देताव?"

बायकोने कपाळाला हात लावला. व्याही आधी चिडले, मग पटका काढून मांडीवर ठेवून नीट बसले. दिवे लागणीपर्यंत आम्ही बोललो. एका गाडीला एक टोपली वांगी, हिवाळाभर, असं ठरलं. त्यांनी गाड्या भरून खत नेलं आणि मी जिंकलो या आनंदात बायकोला हाका मारत घरभर फिरलो.

मग पहिली टोपली आली. टोपली केवढी, हे ठरवायचंच राहून गेलं होतं. तिच्यात एका वेळची भाजीसुद्धा होत नव्हती.