दाढीवाले कुठल्या दालनात?

माझी काकू कुणाच्या बापाला घाबरत नाही. पण त्या दिवशी संग्रहालयाच्या दारात तिने काकांचा हात असा घट्ट धरला होता, की त्यांची बोटं पांढरी पडली.

काकांचं सलून होतं. आता त्यांना गाव आठवत नाही, माणसं आठवत नाहीत. खिशातला कंगवा तेवढा सुटत नाही. आम्ही प्रवासाला निघालो तेव्हा काकूच्या लेकाने निक्षून सांगितलं होतं, "आई, बाबा एकदा जरी हरवले ना, तर मी त्यांना संस्थेत ठेवणार. मग माझ्याशी भांडायचं नाही." काकूने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि काकांना एक पिवळीधमक टोपी घेतली. "कितीही गर्दी असू दे, लांबून दिसतील," ती मला म्हणाली. सलूनपायी जन्मात कुठे जाता आलं नव्हतं, तेव्हा हे भलंमोठं संग्रहालय बघायचंच, असा तिचा हट्ट होता. सोबतीला मी, बिनपगारी हमाल.

संग्रहालय कसलं, दगडांचं गावच ते! एका दालनात मुंडकी नसलेले देव, पुढच्यात देव नसलेली मुंडकी. दोन्ही हात तुटलेल्या एका बाईसमोर काकू थांबली. "हिचं बरं आहे बाई, कुणाला धरून ठेवायला नको," असं म्हणत तिने चष्मा पुसायला हात सोडला.

चष्मा डोळ्यांवर चढला, तोवर काका गायब.

आमच्या तोंडचं पाणी पळालं. चारी बाजूंना दारं, प्रत्येक दारातून माणसं वाहतायत. पहारेकऱ्याने वॉकीटॉकीवर सगळीकडे कळवलं, 'पिवळी टोपी, म्हातारे गृहस्थ.' आम्ही जिने चढलो, उतरलो, स्वच्छतागृहं पाहिली. पिवळं काही दिसेना. काकूच्या पिशवीत फोन वाजू लागला. लेकाचा. तिने उचलला नाही. मला त्या चुलतभावाचा मनस्वी राग येत होता.

तेवढ्यात टोपी दिसली. नुसतीच. एका दाराच्या कडीला अडकवलेली. मला रडूच कोसळलं.

"गप गं!" काकू खेकसली. तिने कपाळावर हात मारला. "मीच मूर्ख. टोपी घालून त्यांनी कधी कात्रीला हात लावलाय का? दुकानात शिरले की आधी टोपी खुंटीला." मग आमच्यासोबत फिरणाऱ्या पहारेकऱ्याकडे वळली. "दादा, दाढीवाले कुठल्या दालनात?"

त्याने डावीकडच्या दालनाकडे बोट केलं. मग धावला, आम्ही त्याच्या मागे.

काका दोरी ओलांडून आत गेले होते. समोर दगडी राजा, छातीपर्यंत वेण्या घातलेली दाढी. काकांच्या खांद्यावर रुमाल होता, आणि हातातला कंगवा त्या दाढीपासून बोटभर लांब. पहारेकरी ओरडणार, तोच काकूने त्याचं मनगट धरलं. दचकले तर तोल जाऊन राजावरच आदळतील, एवढं तिला कळत होतं. ती शांतपणे जवळच्या बाकावर बसली आणि अंबाडा सोडला.

"अहो, मला घाई आहे. माझा नंबर आधी घ्या ना."

काकांनी वळून पाहिलं. राजाला म्हणाले, "साहेब, जरा बसा हं. बाईमाणूस आहे." मग दोरीखालून वाकून बाहेर आले आणि तिचे पांढरे केस विंचरू लागले. पहारेकऱ्याने वॉकीटॉकी खाली केला.

"ताई, केस फार गळतायत हो तुमचे," काका म्हणाले. "घरी कुणी काळजी घेत नाही का?"

"घेतात की," काकू म्हणाली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण मान तिने जराही हलवली नाही.

पिशवीत फोन पुन्हा वाजला. या वेळी तिने उचलला. लेकाचा आवाज मलाही ऐकू आला, "आई, फोन का उचलत नाहीस? बाबा कुठे आहेत?"

"कामावर आहेत," काकू म्हणाली. "नंतर कर."