इतिवृत्तातला पहिला नकार

डिंपना टार्पीने आमच्या पक्षाच्या डब्लिनच्या कचेरीत एकतीस वर्षं बैठकांची इतिवृत्तं लिहिली, आणि एवढ्या काळात कुणाच्याही तोंडचं वाक्य गोड करून लिहिलं नाही. पुढारी तिला टरकून असत. मी तिच्या शेजारच्या टेबलावर पत्रकं टाइप करायचो, मीही टरकूनच होतो. तरी दिवसातून चारदा ती असं काही बोलायची की हसून हसून माझं पोट दुखायचं.

बाई मूळची आयर्लंडमधल्याच रॉसकॉमनची. नवरा हेंक, डच. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेली तेव्हा सासूने विचारलं, बटाटे वाढू का? ही म्हणाली, "नको, नको." सासूने भांडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं. आठ दिवस डिंपना अर्धपोटी राहिली. आमच्याकडे आयर्लंडात पहिला नकार म्हणजे नुसती रीत. दुसऱ्यांदा विचारलं की जरा आढेवेढे घ्यायचे, तिसऱ्यांदा ताट पुढे करायचं. ही रीत बाहेर चालत नाही हे आमच्या कचेरीत तिला एकटीला ठाऊक होतं, आणि तेही उपाशी राहून शिकलेलं.

२०१० च्या नोव्हेंबरात देश गाळात गेला. बँका बुडाल्या, सरकारने परदेशी सावकारांपुढे हात पसरले, आणि सावकारांनी कर्जासोबत काटकसरीची लांबलचक यादी धाडली. निवडणूक तोंडावर होती. आम्ही जिंकणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं, म्हणून सावकारांची माणसं आम्हा विरोधकांनाही भेटायला येणार होती. यादीत सातवं कलम होतं : म्हाताऱ्या माणसांच्या घरी सरकारतर्फे जाणाऱ्या मदतनीस बायकांचा वेळ निम्मा करायचा.

डिंपनाची आई नोरा एकोणनव्वद वर्षांची, गावी एकटी. रोज सकाळी बर्नी नावाची मदतनीस तासभर यायची, आंघोळ घालायची, विस्तव करायची, न्याहारी द्यायची. दिवसभरात नोराला दिसणारं माणूस तेवढंच.

"अर्ध्या तासात काय काय करणार ती?" डिंपना मला म्हणाली. "आईला वृद्धाश्रमात ठेवावं लागेल. आणि तिथं ती महिनाभरसुद्धा काढायची नाही रे."

इतक्या वर्षांत तिचा आवाज असा पडलेला मी ऐकला नव्हता.

बैठकीला आमच्या बाजूने फिंटन मुलरूनी बोलणार होता. गडी आकडेमोडीत वाघ, पण आईने वळण जरा जास्तच चांगलं लावलेलं. समोर सावकारांच्या प्रमुख लेहतोनेनबाई, फिनलंडच्या. एकेक कलम घेत त्या सातव्यावर आल्या आणि म्हणाल्या, "हे तुमच्या लोकांना फार जड जाणार असेल तर काढून टाकू. काढू का?"

फिंटन एकदम खुलला. दोन्ही हात हलवत म्हणाला, "छे, छे! तुम्ही कशाला एवढा त्रास घेता? आमचं आपलं भागतंय."

"बरं," म्हणत बाईंनी कलमापुढे खूण केली आणि पान उलटलं.

आमची मंडळी खूश होऊन बसली होती, आता बाई पुन्हा विचारतील म्हणून. बाई आठव्या कलमावर गेल्या. मग नवव्या. फिंटन खुर्चीत चुळबुळ करायला लागला. डिंपनाच्या हातातली पेन्सिल थांबली होती. इतिवृत्त लिहिणाऱ्याने बैठकीत तोंड उघडायचं नाही हा नियम तिचाच. तो मोडला म्हणून एकदा तिने मला खोलीबाहेर काढलं होतं. तिचे कान मात्र लाल झालेले मला दिसत होते.

शेवटी रिवाजाप्रमाणे इतिवृत्त वाचायची वेळ आली. डिंपना उभी राहिली.

"कलम सात," ती खणखणीत आवाजात वाचू लागली. "पाहुण्यांनी हे कलम काढून टाकण्याची तयारी दाखवली. श्री. मुलरूनी यांनी पहिल्यांदा नको म्हटले. पाहुण्यांनी दुसऱ्यांदा विचारणे बाकी आहे."



"बाकी म्हणजे?" लेहतोनेनबाईंनी चष्मा काढला.

"बाई, आमच्याकडे पहिल्या नकाराला नकार धरत नाहीत. तुमच्याकडे धरतात?"

"अर्थात! नको असेल तरच माणूस नको म्हणेल ना?"

"मग आमचे हे साहेब तुमच्या देशात उपाशी मरतील हो."

बाई फिंटनकडे वळल्या. "म्हणजे तुम्हाला हे कलम काढून हवं होतं?"

फिंटनचं तोंड टोमॅटोसारखं झालं. "तसं म्हणजे... तुम्हाला अगदीच अडचण नसेल तर... पण राहू दे म्हणालात तरी..."

"फिंटन!" आमची अख्खी बाजू एका सुरात ओरडली. टेबलाखालून कुणीतरी त्याला लाथही घातली.

"हवंय!" तो किंचाळला. "काढा! आत्ता काढा!"

लेहतोनेनबाई डोळे पुसत हसत होत्या. हसता हसताच त्यांनी सातव्या कलमावर आडवी रेघ मारली. "तेवढी बचत मात्र दुसरीकडून दाखवावी लागेल, तुम्ही सत्तेवर आलात की," त्या म्हणाल्या. फिंटनने पटकन हो म्हटलं. पहिल्याच फटक्यात!

वसंतात आम्ही निवडून आलो. मदतनीस बायकांच्या वेळेला कुणी हात लावला नाही. त्यानंतर एका सोमवारी सकाळी डिंपना गावी जाऊन धडकली, आणि परत आल्यावर तिने मला सांगितलं ते असं.

बर्नीने आईची आंघोळ आटोपली होती, विस्तव फुलला होता. अर्धा तास झाला तशी डिंपना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागली. बर्नी उठली, पण कोट घ्यायला नव्हे. तिने फणी आणली, खुर्ची ओढली, आणि नोराचे ओले केस हळूहळू विंचरून कुरळे करायला बसली. म्हातारीने डोळे मिटून घेतले.

मग एक डोळा उघडून लेकीला म्हणाली, "अगं, रडतेस काय? इतकी वाईट दिसतेय का मी?"