एक्केचाळिसावर अडलेले मार्क

मी जन्माची संशयी. दुधाचं माप डोळे मिटून कधी घेतलं नाही आणि एस.टी.चं तिकीट वाचल्याशिवाय पिशवीत टाकलं नाही. आई म्हणायची, "ह्या पोरीला देवानं पाठीमागंबी डोळं दिल्यात." खरंच दिले असते तर बरं झालं असतं. मग पुढचा सगळा घोटाळाच टळला असता.

सत्तर साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. कार्ल्याहून रोज सकाळी मी लोणावळ्याच्या एका कारखान्यात टायपिस्ट म्हणून जायचे. बी.कॉम. झालेली होते. साहेबांची पत्रं बडवता बडवता डोक्यात आलं, की पत्रात काय लिहायचं ते ठरवणारं माणूस आपण का होऊ नये? मुंबईला मॅनेजमेंट शिकवणारी एक संस्था होती. तिच्या प्रवेश परीक्षेला एका तासात ऐंशी प्रश्न असायचे, आणि ती दोनदाच देता यायची. पहिल्या खेपेला मी सपाटून आपटले. वडील म्हणाले, "बस आनखी येकदा. पन ह्याच्या म्होरं मुंबईचं नाव काढायचं न्हाई." वडील एकदा बोलले की बोलले. दुसरी खेप हुकली असती तर मी जन्मभर दुसऱ्यांची पत्रं बडवत बसले असते. मला नुसत्या कल्पनेनंच रडू यायचं.

आमच्या कारखान्याचे जुने, रिटायर झालेले टाइमकीपर वलवणला राहायचे. गेटवर बसून कोण किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर गेला, हे लिहिण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. त्यांचा भाचाही हीच परीक्षा देणार होता. त्यानं कुठूनतरी मागच्या पेपरांची चळत मिळवून आबांकडे ठेवली होती. आबांना कळलं तसं मला म्हणाले, "रविवारी सकाळी येत जा. पेपर माज्याकडं हाईत, घड्याळ माज्याकडं हाय. डोस्कं तेवढं तू घिऊन ये."

मी गेले. आबांनी मला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि स्वतः खिशातलं घड्याळ तळहातावर धरून माझ्या पाठीमागं बसले. "कर सुरू," म्हणाले. तास संपला की "थांब" म्हणाले. मग चष्मा लावून, पेपरासोबत आलेला उत्तरांचा कागद शेजारी ठेवून त्यांनी पेपर तपासला. एक्केचाळीस.

दुसऱ्या रविवारी एक्केचाळीस. तिसऱ्या रविवारी चाळीस, आणि चौथ्याला पुन्हा आपलं एक्केचाळीस! रात्रंदिवस घोकून, गणितं घासून घासून पाटी झिजवली, तरी आकडा जागचा हलेना. आणि तिकडं भाचा? तो शनिवारी बसायचा. लोणावळ्याच्या स्टँडवर भेटला की स्वतःहून सांगायचा, "या वेळी बावन्न." पुढच्या वेळी, "छप्पन्न. तुमचं काय?" मी दात ओठ खाऊन म्हणायचे, "ठीक आहे." ह्या मेल्याला साधा भागाकारसुद्धा धड येत नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

माझ्या मनात पाल चुकचुकली. पहिल्यांदा वाटलं, आबा तपासताना माझी बरोबर उत्तरं चूक धरतात. म्हणून एका रविवारी माझी उत्तरं चिठोऱ्यावर उतरवून घेतली आणि त्यांचं तपासून झाल्यावर सगळा पेपर पुन्हा ताडून पाहिला. एकही मार्क इकडचा तिकडं नव्हता. तरी माझं समाधान होईना. कारण आणखी एक गोष्ट होती. मी पेपर लिहीत असताना पाठीमागून पेन्सिलीची कुरकुर ऐकू यायची. मी थांबले की कुरकुर थांबायची. पुढच्या प्रश्नाला हात घातला की पुन्हा सुरू.

म्हातारा माझी उत्तरं उतरवून घेतोय! रविवारी माझ्याकडून घ्यायची आणि शनिवारी भाच्याला द्यायची. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! एकदा हे डोक्यात शिरल्यावर मला सगळंच संशयाचं दिसायला लागलं. त्यांनी चहा पुढं केला तर वाटे, गोड बोलून गळा कापतोय. "दमलीस का गं?" विचारलं तर वाटे, मी दमावं हीच इच्छा दिसतेय. मला भिंतीकडे तोंड करून का बसवलं, तेही मग लगेच लक्षात आलं.

परीक्षेला महिना उरला तेव्हा मी भावाचं मनगटी घड्याळ मागून घेतलं आणि पदराखाली लपवून वलवणला गेले. आबा "कर सुरू" म्हणाले तेव्हा नऊ वाजले होते. "थांब" म्हणाले तेव्हा मी पदर सारला. नऊ बावन्न.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. उठून मनगटच त्यांच्या नाकासमोर धरलं. "आबा, हा कुठला तास? आठ मिनिटं कुठं गेली?"

आबा गोंधळले नाहीत. खाली बघत म्हणाले, "व्हय. आट मिनिटं मीच कापली. अगं, त्याचं आसं हाय—"

पुढचं ऐकायला मी थांबले कुठं? "तीस वर्षं दुसऱ्यांची मिनिटं मोजलीत आणि माझीच चोरलीत! भाच्याला पुढं काढायला माझे पाय ओढता? लाज नाही वाटत ह्या वयात?" असं मी, चोवीस वर्षांची पोर, सत्तरीला टेकलेल्या माणसाला बोलले. त्यांच्या मांडीवर लांबट वही होती. तीच ती, कुरकुरणारी. पुरावा म्हणून ती हिसकावली आणि तरातरा रस्त्याला लागले. 

बसमध्ये वही उघडली. आधी काही कळेचना. उत्तरं नव्हतीच तिच्यात. गेटवरच्या वहीसारखे रकाने आखलेले होते, आणि माणसांच्या नावांच्या जागी प्रश्नांचे नंबर होते. सवाल अकरा: आत नऊ अकरा, बाहेर नऊ बारा. सवाल तेवीस: आत नऊ एकवीस, बाहेर नऊ अठ्ठावीस. एका मार्काच्या प्रश्नावर मी सात मिनिटं बसले होते! मला प्रश्नाच्या नंबरवर डावं बोट ठेवून लिहायची सवय होती. आबा माझ्या खांद्यावरून ते बोट बघत होते, आणि बोट सरकलं की लिहीत होते. पानाच्या तळाला शेवटचे एकवीस प्रश्न एका कंसात घालून पुढं लिहिलं होतं: गैरहजर. मागची पानं चाळली. दर रविवारी तेच. तीन-चार प्रश्नांवर मी ठाण मांडून बसलेली, आणि शेवटचे वीस-एकवीस गैरहजर. त्या गैरहजरांत सोपे प्रश्न किती होते, ते घरी जाऊन मोजले तेव्हा कपाळावर हात मारून घेतला.

बाहेर पेरणीआधी राब भाजून काळी झालेली भाताची खाचरं मागं पळत होती. आमच्याकडं भाताची लावणी करताना एक रीत होती. धरलेलं खाचर पुरं केल्याशिवाय बांधावर पाय ठेवायचा नाही. पाठ मोडो, की पाण्यात पाय कुजोत. आई म्हणायची, "आर्धं खाचर सोडून जानारीला सावडीला कोन बोलवंल?" सावडीला म्हणजे एकमेकींच्या शेतावर कामाला. ती रीत माझ्या हाडात मुरली होती. अडलेला प्रश्न सोडून पुढं जायचं हे माझ्या मनातच येत नव्हतं. मला ते कामचुकारपणाचं वाटायचं. भागाकार न येणारा भाचा अडलं की पुढं पळत असणार, म्हणून त्याचे छप्पन्न. आणि मी चोर शोधत होते पाठीमागं!

त्यानंतर मी वलवणला गेले नाही. तोंडच नव्हतं. घरीच भावाचं घड्याळ समोर ठेवून, अडलं की पुढं, अडलं की पुढं, असं करत राहिले. पहिल्या वेळी पाप केल्यासारखं वाटलं. मार्क पडले एक्कावन्न. मग छप्पन्न, मग एकोणसाठ. मुंबईच्या हॉलमध्ये तेरावा प्रश्न अर्धा सोडला तेव्हा मनातल्या मनात आईची माफी मागितली.

जूनमध्ये संस्थेचं पत्र आलं. मला घेतलं होतं. भाच्याचं झालं नव्हतं. मी पेढे आणि वही घेऊन वलवणला गेले. आबा ओट्यावर बसले होते. मी त्यांच्या पाया पडले आणि रडायलाच लागले. "आबा, मी नाही नाही ते बोलले. माझं चुकलं."

"माजं बी चुकलंच की," आबा म्हणाले. "गेटवरचं घड्याळ आमी पाच मिन्टं म्होरं ठिवायचो. गडी आपसूक घाईनं यायचे. मला वाटलं, तुजा येळ जरा कापला तर तूबी अडलेलं सोडून पळशील. म्हून आदी दोन कापली, मग पाच, मग आट."

"पण आबा, गेटवरचं घड्याळ पुढं आहे हे गड्यांना ठाऊक होतं ना?"

"व्हय की. समद्यांला ठावं व्हतं." आबांनी डोकं खाजवलं. "तुला तेवढं सांगायचं ऱ्हाऊनच गेलं बग."

मी रडता रडता हसले. आबांनी वही घेतली आणि पहिलं पान उघडलं. तिथं वर माझं नाव होतं, पहिल्या रविवारची आत आल्याची वेळ होती, आणि शेजारचा रकाना कोराच होता. त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं, लांब धरून बघितलं आणि पेन्सिलीनं सावकाश लिहिलं: बाहेर, चार चाळीस.

भावाचं घड्याळ अजून माझ्याच मनगटावर होतं. आणि मी मेलीनं, एवढं सगळं होऊनसुद्धा, त्यात बघितलं. चार चाळीसच झाले होते. मान वर केली तर आबा माझ्याकडंच बघत होते.