एका खांबावरचे दोन पाणकावळे

पाट्या रंगवण्यात पेंटरबाईंचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. दुकानांची नावं, दवाखान्याच्या वेळा, ‘येथे वाहने लावू नयेत’. अक्षर असं की चालत्या गाडीतूनही वाचता यावं. पण तळ्याकाठच्या बागेसाठी पक्ष्यांची पाटी करायची वेळ आली आणि बाई अडल्या.

बागेच्या साहेबांनी दोन फोटो दिले होते, मोठा पाणकावळा आणि छोटा पाणकावळा. बाईंनी ते हुबेहूब उतरवले. नवरा चहाचा कप घेऊन आला आणि पाटीकडे बघतच राहिला.

“एकच पक्षी दोनदा काढलास का गं?”

“अहो, हा मोठा, तो छोटा.”

“मापाने तर जुळे भाऊ दिसतायत. फोटोत काय, मुंगीसुद्धा हत्तीएवढी दिसते.”

बोलणं टोचलं, पण खरं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई थोरल्या नणंदेला घेऊन तळ्यावर गेल्या. पाण्यातल्या खांबावर एक काळा पक्षी पंख पसरून अंग वाळवत बसला होता.

“हा कुठला?” नणंदेने विचारलं.

“एकट्याचं माप कसं कळणार, वन्सं? शेजारी कोणी यायला हवं.”

बऱ्याच वेळाने दुसरा आला आणि खांबाच्या अगदी कडेला टेकला. पहिल्यासमोर तो पिल्लूच वाटला. एकदा फरक दिसला तसा मग दिसतच गेला. मोठ्याची चोच लांब, टोकाला आकडा, गालाशी पिवळा डाग. छोट्याची चोच आखूड, कपाळ गोल, शेपूट मात्र अंगाच्या मानाने लांबलचक.

“मोठा अगदी माझ्या भावावर गेलाय,” नणंद म्हणाली. “सगळी जागा अडवून बसतो.”

बाई हसता हसता हवेतच बोटांनी चोचीचं माप घेत होत्या. घरी येऊन त्यांनी आधीचं चित्र खरवडलं आणि दोघांना एकाच खांबावर बसवलं.

“आता कसं!” नवरा म्हणाला.

पाटी लागली, पण बाईंचं वेड काही उतरेना. भाजीला निघाल्या तरी पाय तळ्याकडे वळत. एका सकाळी काठच्या फांदीवर भलताच कोणीतरी दिसला. धड मोठा नाही, धड छोटा नाही, चोच लांब पण बारीक. बाईंनी तिथूनच नणंदेला फोन लावला.

“वन्सं, तिसराच निघालाय!”

“आलेच. तोवर त्याला उडू देऊ नकोस!”