ज्याचं रक्त, त्याच्या हातात कागद

मुखेड तालुक्यातल्या बोरवंडीच्या अंगणवाडीत अयोध्याबाई एकोणीस वर्षं मदतनीस होत्या. खिचडी शिजवायची, घरोघर फिरून पोरं गोळा करून आणायची, त्यांना वजनकाट्यावर उभं करायचं, हे त्यांचं काम. शिक्षण सातवीपर्यंतचं. पण गावात असा एकही उंबरा नव्हता जिथं त्या थेट चुलीपर्यंत जाऊन बसू शकत नव्हत्या. म्हणूनच विद्यापीठातल्या डॉक्टर धम्मप्रिया आल्या तेव्हा सरपंचांनी त्यांना अयोध्याबाईंच्याच घरी पाठवलं.

धम्मप्रिया मूळच्या लोह्याकडच्या. खेड्यातल्या बायकांमध्ये साखरेचा आजार किती आहे आणि का आहे, याचा त्यांना तीन वर्षं अभ्यास करायचा होता. तिशीपुढच्या बायकांचं रक्त तपासायचं, काही प्रश्न विचारायचे. घरोघर ओळख करून द्यायला गावातलं माणूस हवं होतं. अयोध्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं, चहा दिला आणि जमणार नाही म्हणून सांगितलं.

त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी अशीच एक गाडी आली होती. कुठल्या संस्थेची, ते आता कुणाला आठवत नाही. शाळेच्या व्हरांड्यात टेबलं मांडून त्यांनी साठेक बायकांचं रक्त नेलं. बायका जमवल्या होत्या अयोध्याबाईंनीच. बाकीच्यांची भीड चेपावी म्हणून त्यांनी सगळ्यांत आधी आपल्या सासूला, मंजुळाबाईंना, खुर्चीवर बसवलं. ती गाडी परत फिरकली नाही. दीड वर्षानं मंजुळाबाईंच्या पायात काटा मोडला, जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला. साखर कधीपासूनची, असं दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा साखर आहे हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. रक्त नेणाऱ्यांच्या कागदावर मात्र ते लिहिलेलं असणार, हे अयोध्याबाईंच्या मनातून जात नव्हतं. सासूनं त्यांना कधी बोल लावला नाही. तेच जास्त लागायचं.

हे सांगायला अयोध्याबाईंची जीभ रेटेना. शेवटी मंजुळाबाईंनीच बाजेवरून पाय पुढं केला.

"बघा मॅडम. तुमच्यावानीच माणसं होती. गोड बोलून रगत नेलं अन् गेली ते गेलीच."

 काय केलं तर तुम्ही सोबत याल, असं धम्मप्रियांनी अयोध्याबाईंना विचारलं.

"ज्याचं रगत, त्याच्या हातात कागद," अयोध्याबाई म्हणाल्या. "पंधरा दिवसांत. अन् गावाचं जे निघंल ते आधी गावात सांगायचं, मंग छापायचं. लिहून देता का?"

दुसरं कुणी असतं तर लगेच हो म्हणून मोकळं झालं असतं. हे माझ्या एकटीच्या हातात नाही, वर विचारावं लागेल, असं सांगून धम्मप्रिया निघून गेल्या. त्यांनी तोंडदेखलं काही कबूल केलं नाही, हेच अयोध्याबाईंना पटलं. तीन आठवड्यांनी त्या सही-शिक्क्याचा कागद घेऊन आल्या आणि काम सुरू झालं.

पहिल्याच आठवड्यात गाडं अडलं. उपाशीपोटी रक्त द्यायचं, आणि विद्यापीठाची गाडी पोचायची अकराला. तोवर बायका भाकरी खाऊन खुरपणीला गेलेल्या असायच्या. अयोध्याबाईंनी गाडीतल्या चमूला शाळेतच मुक्कामाला ठेवलं आणि पहाटे सहाला दारोदार नेलं. दुसरी अडचण प्रश्नांची होती. दिवसातून किती वेळा गोड खाता, असं फॉर्मवर होतं, आणि सगळ्याजणी सणावारालाच म्हणत होत्या.

"चहाला गोड कोण म्हणतं मॅडम?" अयोध्याबाईंनी विचारलं. "चहा इचारा. घरी किती, रानात किती, शेजारी बसल्यावर किती."

फॉर्म बदलला. दिवसाला सात-आठ कप निघू लागले, तेही चांगले गोडमिट्ट.

दोनशे अकरा बायका तपासल्या. चौतीस जणींना साखर निघाली, त्यातल्या बावीस जणींना त्याचा पत्ताच नव्हता. अंगणवाडीचं दार लावून एकेकीला कागद वाचून दाखवला. कुणाचं काय निघालं ते बाहेर सांगणार नाही, अशी अयोध्याबाईंनी आधीच सही केली होती.

ती सही निभावणं जड गेलं ते नीलम्माच्या बाबतीत. नीलम्मा छत्तीस वर्षांची, काडीसारखी. तिची साखर तीनशेच्या वर होती. पोरीची सोयरीक चालली आहे, कुणाला कळू देऊ नका, म्हणून तिनं हात धरला आणि घरी न सांगता मुखेडच्या दवाखान्यात जायला लागली. काही आठवड्यांनी तिचा नवरा मलप्पा अयोध्याबाईंच्या दारात आला. बायको दर आठवड्याला मुखेडला कशाला जाते, असं त्यानं विचारलं.

"कागद तिच्या नावचा हाय," अयोध्याबाई म्हणाल्या. "तिलाच इचारा."

मलप्पा महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. अंगणवाडीवरून जातानाही मान फिरवायचा. घराघरांतून चांगुलपणा कमावलेल्या बाईला हे नवं होतं. एकदा तर काम सोडून द्यावं असंही त्यांना वाटलं. मग सोयरीक ठरल्यावर नीलम्मानं आपण होऊनच नवऱ्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मलप्पा आला, उंबऱ्यापाशी बसला आणि खाली बघतच म्हणाला, "तिला खायला काय द्यायचं, काय न्हाई, तेवढं सांगा."

ठरल्याप्रमाणे सगळा निकाल आधी शाळेत, गावासमोर मांडला. नावं नव्हती, नुसते आकडे. चहाचा आकडा ऐकून पुरुष हसले. चौतिसाचा आकडा आला तसं ते हसू ओसरलं.

सगळंच काही सुधारलं नाही. दुसऱ्या वर्षीच्या तपासणीत नऊ जणींनी गोळ्या सोडलेल्या आढळल्या. गावच्या उपकेंद्रात दोन महिने गोळ्याच आल्या नव्हत्या. अयोध्याबाईंनी अर्ज लिहिला, त्याला विद्यापीठाचा तक्ता जोडला आणि नीलम्माला बरोबर घेऊन एसटीनं नांदेडचं जिल्हा आरोग्य कार्यालय गाठलं. सोबत यायचं नीलम्मानंच ठरवलं होतं. तिथल्या साहेबांनी, गोळ्या कुणासाठी, म्हणून विचारलं तेव्हा ती स्वतःच म्हणाली, "माझ्यासाठी." तीन आठवड्यांनी गोळ्या आल्या, लागत होत्या त्याच्या निम्म्या. अयोध्याबाईंनी दुसरा अर्ज लिहायला घेतला.

त्याच सुमारास शेजारच्या गावचे सरपंच धम्मप्रियांना भेटायला आले. आमच्याकडे कधी सुरू करता, असं त्यांचं विचारणं होतं. धम्मप्रियांनी अयोध्याबाईंकडे पाहिलं. अयोध्याबाईंनी सरपंचांना बसायला सांगितलं आणि त्यांच्या गावात कोणती बाई घरोघर चुलीपर्यंत जाते, ते आधी विचारून घेतलं.